रुग्णवाहिकेतली नोंद वाचतो कोण?

रुग्णालयात पाऊल टाकल्यापासून घरी जाईपर्यंत माणसाचं काय काय झालं याचे कागद आपल्याकडे ढिगाने असतात. केस पेपर, नर्सिंग चार्ट, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून लोक वर्षानुवर्षं कपाटात जपतात. त्या पिशवीत एक कागद सहसा सापडत नाही: घरातून किंवा रस्त्यावरून उचलल्यापासून कॅज्युअल्टीच्या दारापर्यंतच्या प्रवासाचा. आणि गंभीर रुग्णाची प्रकृती सगळ्यात भराभर पालटते ती नेमकी याच अर्ध्या-पाऊण तासात. रक्तदाब याच वेळात कोसळतो, झटके याच वेळात येतात, बंद पडलेलं हृदय याच वेळात पुन्हा सुरू होतं किंवा होत नाही.

हा प्रवास नीट टिपावा, तोही टॅबवर किंवा गाडीत बसवलेल्या संगणकावर, म्हणजे माहिती रुग्णाच्या आधी रुग्णालयात पोचेल, ही कल्पना गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरच्या रुग्णवाहिका सेवा राबवू पाहत आहेत. इलेक्ट्रॉनिक पेशंट केअर रेकॉर्ड हे तिचं रूढ नाव. यंत्रं भरपूर घेतली गेली, पैसा भरपूर गेला. काही ठिकाणी त्यातून खरोखर माणसं वाचली, तर काही ठिकाणी कागदाच्या जागी एक महागडी पाटी आली एवढंच. हा फरक कशाने पडला ते पाहायचं तर आधी ही नोंद जवळून पाहायला हवी.

सुरुवात वेळांनी होते. फोन आला ती वेळ, गाडी सुटली ती, जागेवर पोचली ती, रुग्णाच्या शेजारी माणूस पोचला ती, तिथून निघाली ती, रुग्णालयाच्या दारात थांबली ती, आणि रुग्णाचा ताबा दिला ती. जागेवर पोचणं आणि रुग्णाजवळ पोचणं यांच्या दोन वेगळ्या वेळा कशाला, असं वाटू शकतं. चाळीच्या चौथ्या मजल्यावरून अरुंद जिन्याने खुर्चीत बसवून माणूस खाली आणावा लागला की ते कळतं. गाडी सात मिनिटांत आलेली असते आणि नाडीला हात लागेपर्यंत सतरा मिनिटं गेलेली असतात.

मग नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, साखर, आणि ३ ते १५ या ग्लासगो मोजपट्टीवर (जीसीएस) शुद्धीची पातळी. हे आकडे एकदा घेऊन भागत नाही. मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणाची पहिली मोजणी नाडी ९६, वरचा रक्तदाब १२४ अशी आहे आणि वीस मिनिटांनंतरची नाडी १२८, रक्तदाब ९२ अशी आहे, असं समजा. दोन्ही ओळी शेजारी शेजारी दिसल्या तर आत कुठेतरी रक्तस्राव चालू आहे हे नव्या इंटर्नच्याही ध्यानात येईल. पहिलीच ओळ तोंडी सांगितली गेली तर तो पोरगा स्ट्रेचरवर रांगेत थांबेल.

पक्षाघाताचं उदाहरण याहून बोलकं आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते साडेचार तास मोजायचे असतात रुग्ण शेवटचा धड दिसला तेव्हापासून. नातेवाईक सांगतात, ‘सकाळी सहाला उठले तेव्हा हात उचलत नव्हता.’ पण घड्याळ सुरू झालेलं असतं रात्री झोपण्यापूर्वीच, किंवा पहाटे चारला ते पाणी प्यायला उठले होते असं सुनेला आठवलं तर तिथून. हा प्रश्न घरात, सगळे समोर असताना विचारता येतो. रुग्णालयात पोचल्यावर सून मागे राहिलेली असते आणि मुलगा केस पेपरच्या खिडकीपाशी उभा असतो. रुग्णवाहिकेतल्या माणसाने विचारून लिहिलेली एक वेळ इथे उपचाराची दिशा ठरवते.

कागदावर हे सगळं अनेक दशकं चाललं, आणि कागदाला उगाच नावं ठेवू नयेत. त्याला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही. पण कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवरचं अक्षर कोणालाच लागत नाही, आणि घाटातल्या वळणांवर, एका हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबत असताना लिहिणंही जमत नाही. म्हणून जगभरचे पॅरामेडिक आकडे आधी हातमोज्यावर, मनगटावर किंवा पँटवर चिकटवलेल्या चिकटपट्टीवर लिहितात आणि रुग्ण सोपवल्यावर फॉर्म भरतात. टॅब आला तरी ही सवय गेली नाही. बहुतेक ठिकाणी टॅबही मागाहूनच भरला जातो, रुग्णालयाच्या आवारात, चहा घेता घेता. मॉनिटरमधून आकडे आपोआप टॅबमध्ये उतरण्याची सोय जिथे आहे तिथे हे थोडं सुधारलं. जिथे नाही तिथे १२० वर ८० हा रक्तदाब अंमळ जास्तच लोकांचा निघतो. शून्यावर संपणाऱ्या आकड्यांची अशी गर्दी झाली की नोंदी तपासणारे जाणकार ओळखतात की हा आकडा यंत्राने मोजलेला नाही.

तरी नोंदीचं महत्त्व यंत्रांच्या कितीतरी आधी लोकांना उमगलं होतं. अमेरिकेत १९६६ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. देशातल्या सुमारे निम्म्या रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवतात, कारण माणूस आडवा मावेल अशा गाड्या त्यांच्याकडेच आहेत, असं त्यात लिहिलं होतं. अशा सेवेने वाटेत काय केलं याची नोंद कोण ठेवणार? त्या अहवालानंतर प्रशिक्षण आलं, केंद्राचा पैसा आला आणि हळूहळू फॉर्मही आले. पण प्रत्येक राज्याचा फॉर्म वेगळा.

या गोंधळाचं टोक हृदय बंद पडण्याच्या आकडेवारीत दिसलं. एक शहर म्हणे आमच्याकडे चारातला एक जगतो, दुसरं म्हणे शंभरातले दोन. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या अभ्यासात जगण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास निघालं. पण मोजायचं कोणाला? ज्यांच्यासाठी गाडी गेली ते सगळे, की ज्यांच्यावर उपचार सुरू झाले तेवढेच, की ज्यांचं कोसळणं कोणीतरी पाहिलं तेवढेच? जगला म्हणजे रुग्णालयात जिवंत पोचला, की चालत घरी गेला? १९९० मध्ये नॉर्वेतल्या उटस्टाइन या जुन्या मठात तज्ज्ञांची बैठक भरली आणि कोणत्या वेळा, कोणते रकाने, कोणत्या व्याख्या वापरायच्या हे ठरवणारा मसुदा पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडल्याच्या नोंदी आजही जगभर त्याच उटस्टाइन पद्धतीने होतात. संगणकाचा त्यात काही संबंध नव्हता. व्याख्या ठरवण्याचं कंटाळवाणं काम कोणीतरी बसून केलं, हीच त्यातली मोठी गोष्ट.

अशा कामाचं फळ सगळ्यात चांगलं दिसतं ते सिएटल आणि त्याच्या भोवतालच्या किंग काउंटीत. तिथे सत्तरच्या दशकापासून हृदय बंद पडल्याची प्रत्येक घटना एका नोंदवहीत जाते. डिफिब्रिलेटरमधला आलेख उतरवून घेतात. छातीवर दाब द्यायला किती उशीर झाला, मध्ये हात किती वेळा आणि किती सेकंद थांबले, हे पाहतात. पुढे रुग्णालयात त्या माणसाचं काय झालं तेही विचारून घेतात आणि गाडीतल्या कर्मचाऱ्यांना कळवतात. कोणासमोर तरी कोसळलेले आणि शॉकला दाद देणारी लय असलेले रुग्ण तिथे निम्म्याच्या आसपास जगतात. मला या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट इथे दिसते. किंग काउंटीत नोंद चांगली भरली जाते, कारण ती भरणाऱ्याकडे उत्तर परत येतं. नऊ सेकंद हात थांबले होते हे पुढच्या आठवड्यात समोर बसून पाहावं लागणार असेल तर माणूस वेळाही खऱ्या लिहितो आणि हातही थांबू देत नाही.

याच्या उलट बाजूलाही अमेरिकाच आहे. तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या पुढाकाराने नेमसिस नावाची राष्ट्रीय प्रणाली उभी राहिली. तिचं तांत्रिक केंद्र युटा विद्यापीठात आहे. कंपनी कोणतीही असो, सॉफ्टवेअरने ठरावीक रकाने ठरावीक पद्धतीने भरलेच पाहिजेत, असा तिचा दंडक. २०२२ या एका वर्षात जवळपास १४ हजार सेवांकडून ५ कोटींहून जास्त नोंदी तिथे जमा झाल्या. एका अपघाताला दोन गाड्या गेल्या तर दोन नोंदी होतात, म्हणजे हा आकडा फेऱ्यांचा, रुग्णांचा नव्हे. तरी पसारा अफाटच. त्याचा उपयोगही झाला: ओपिऑइडच्या अतिसेवनाने बेशुद्ध पडलेल्यांकडे गाड्या कुठे वाढत्या संख्येने जात आहेत, हे मृत्यूचे दाखले जमा होण्याच्या कितीतरी आधी कळू लागलं आणि २०२२ च्या अखेरीस सरकारने तसा फलक सगळ्यांसाठी खुला केला. पण या कोट्यवधी नोंदींमधला एक भाग बहुतांशी कोराच असतो, रुग्णालयात पुढे काय झालं याचा. कारण रुग्णालयाचं सॉफ्टवेअर वेगळं, त्याचा मालक वेगळा, आणि गुप्ततेच्या कायद्याचं निमित्त दोघांनाही सोयीचं.

अतिसेवनावर नजर ठेवण्याचं काम ऑस्ट्रेलियात आणखी आधी सुरू झालं. मेलबर्नमध्ये नव्वदच्या दशकाअखेरीस हेरॉइनचे बळी वाढले तेव्हा संशोधकांनी रुग्णवाहिकेचे फॉर्म एक एक करून वाचायला घेतले. आज तिथे दारू, अमली पदार्थ आणि आत्महत्येचे प्रयत्न यांची पाहणी रुग्णवाहिकेच्या नोंदींवरून होते. त्यात खरा कस लागतो तो मोकळ्या मजकुराचा. ‘शेजारी रिकाम्या गोळ्यांची पाकिटं, टेबलावर चिठ्ठी’ हे वाक्य कुठल्याही रकान्यातल्या यादीत नसतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना याद्या आवडतात, कारण याद्या मोजता येतात. पण पॅरामेडिक हा रुग्णाचं घर पाहिलेला साखळीतला एकमेव माणूस असतो, आणि त्याने पाहिलेलं लिहायला चार ओळींची मोकळी जागा ठेवणं ही चैन नव्हे.

ब्रिटनची कथा लांब आहे आणि माझ्या मते आपल्याला सर्वांत उपयोगी. १९९२ च्या ऑक्टोबरात लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने गाड्या पाठवण्याचं काम घाईघाईने संगणकावर टाकलं आणि दीड दिवसात ते कोलमडलं. कॉल हरवले, एकाच जागी दोन गाड्या गेल्या, कुठे गेलीच नाही. मुख्य अधिकाऱ्याला पायउतार व्हावं लागलं. ती गोष्ट सॉफ्टवेअरच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली आहे. तो गाड्या पाठवण्याचा प्रश्न होता, रुग्णाच्या नोंदीचा नव्हे, पण त्या धक्क्याने रुग्णवाहिकेतल्या संगणकाबद्दलचा संशय पुढे बराच काळ टिकला.

त्याहून बोधप्रद प्रकरण आठ मिनिटांचं. जिवावरच्या कॉलपैकी ७५ टक्के ठिकाणी आठ मिनिटांच्या आत पोचायचं, असं लक्ष्य सरकारने घालून दिलं आणि ते न गाठणाऱ्यांची जाहीर नाचक्की होऊ लागली. मग काही सेवांच्या वेळांचा आलेख काढला तेव्हा आठ मिनिटांच्या अलीकडे उंच सुळका आणि पलीकडे एकदम दरी दिसली. २००३ मध्ये सरकारी तपासणी आयोगाला आढळलं की जवळजवळ एक तृतीयांश सेवांनी वेळा ‘दुरुस्त’ केल्या होत्या. घड्याळ कधी सुरू करायचं, फोन उचलल्यावर की पत्ता कळल्यावर, यातही ज्याची त्याची सोय होती. रुग्णवाहिकेची नोंद मालकाला मार्क देण्यासाठी वापरली गेली की ती रुग्णाची राहत नाही, याचा एवढा सरळ पुरावा दुसरीकडे मिळणं कठीण. २०१७ मध्ये इंग्लंडने ते लक्ष्य बदललं. आता सर्वांत गंभीर कॉलसाठी सरासरी सात मिनिटं पाहतात, आणि कॉल समजून घ्यायला आधी थोडी सवड देतात.

दरम्यान २००२ मध्ये सुरू झालेला तिथल्या आरोग्य सेवेचा महाकाय संगणकीकरण कार्यक्रम २०११ मध्ये मोडीत निघाला. त्यानंतर प्रत्येक सेवा आपापल्या वाटेने गेली. वेल्सने काही वर्षं डिजिटल पेन वापरलं. कागदावरच लिहायचं, पण पेन लिहिलेलं टिपून घेतं. मला ही युक्ती आवडते, हाताची सवय न मोडता काम भागवणारी. काहींनी टॅब आणले, काही पुन्हा कागदावर आले. ब्रिटिश संशोधकांनी २०२० मध्ये या सगळ्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या सेवा वेगवेगळ्या टप्प्यांवर, यंत्रं सतत बदलत असलेली, आणि कर्मचाऱ्यांनी त्यांच्याशी जुळवून घेत शोधलेल्या पळवाटा, असं चित्र त्यात दिसलं. या नोंदीचा उपयोग मुख्यतः माहिती साठवायला आणि पुढे द्यायला होत होता. रुग्णाशेजारी बसून निर्णय घ्यायला तिची मदत होईल ही मूळ आशा बरीचशी कागदावरच राहिली होती.

आणि १८ जुलै २०२३. ऑर्टिव्हस या स्वीडिश कंपनीच्या ब्रिटनमधल्या डेटा सेंटरवर सायबर हल्ला झाला. तिची प्रणाली वापरणाऱ्या दक्षिण-मध्य आणि नैर्ऋत्य इंग्लंडच्या दोन रुग्णवाहिका सेवांचं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड एका संध्याकाळी बंद झालं. दोन्हींच्या कार्यक्षेत्रात मिळून सव्वा कोटीच्या आसपास लोकवस्ती. गाड्या धावत राहिल्या, कर्मचारी कागदावर आले, थेट कोणाच्या जिवावर बेतलं नाही असं कंपनीने सांगितलं. पण रुग्णाचा जुना इतिहास पाहण्याची सोय गेली ती गेलीच. टॅब देताना कागदाचे फॉर्म गाडीतून काढून टाकू नयेत, हे सांगायला खरं तर हल्ल्याची गरज नव्हती.

डेन्मार्ककडे मात्र हेवा वाटावा असं काही आहे. तिथे १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक मिळतो, आणि रुग्णवाहिकेची नोंद, रुग्णालयाची नोंद, मृत्यूची नोंद सगळं त्या एकाच क्रमांकाला बांधलेलं. गेल्या दशकात पाचही प्रादेशिक विभागांत रुग्णवाहिकेची एकच इलेक्ट्रॉनिक नोंद आली आणि ती आयतीच या दोरीत ओवली गेली. छातीत दुखतं म्हणून उचललेल्या माणसाला खरोखर हृदयविकार होता का, तो महिन्याने जिवंत होता का, हे तिथे एका प्रश्नात कळतं. साठ लाख वस्तीच्या, एकमेकांवर बऱ्यापैकी विश्वास असलेल्या देशात हे जमतं. तसंच्या तसं इथे उचलून आणता येणार नाही.

आपल्याकडे १०८ ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली २००५ मध्ये हैदराबादेत. ती सुरू करणाऱ्या आणि आज अनेक राज्यांत चालवणाऱ्या संस्थेने सुरुवातीपासून एक चांगली प्रथा पाडली: रुग्णाला पोचवल्यावर ४८ तासांनी फोन करून तो कसा आहे हे विचारायचं. साधा फोन. पण त्याच्या आधारावर पाच राज्यांत तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर बायकांचा मोठा अभ्यास झाला, प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत पाठपुरावा झाला, आणि २०१६ मध्ये तो ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला. उत्तर परत आणायला दर वेळी डेन्मार्कसारखा क्रमांकच लागतो असं नाही, हे त्यातून दिसतं.

महाराष्ट्राची १०८ जानेवारी २०१४ मध्ये आली. मूळ ताफा ९३७ गाड्यांचा, त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक, पुण्यात एक नियंत्रण कक्ष, आणि इतर राज्यांत गाडीवर तंत्रज्ञ असतो तिथे आपल्याकडे डॉक्टर. डॉक्टर बरोबर आहे याचा नोंदीला खरं तर केवढा फायदा व्हायला हवा. होतो का? जिल्ह्याच्या सिव्हिलच्या दारात उभं राहून पाहा. गाडी मागे लागते. रिकामी ट्रॉली नसते, म्हणून १०८ चंच स्ट्रेचर आत जातं आणि अडकून पडतं. गाडीतला डॉक्टर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला चार शब्द सांगतो: उंचावरून पडला, जीसीएस ११, एक लाइन टाकलीय, ऑक्सिजन चालू आहे. तेवढ्यात तिकडे दुसरी केस ओरडत असते. सिस्टर नातेवाइकांना पहिल्यापासून विचारते, ‘काय झालं?’ आणि नवा केस पेपर कोऱ्यापासून सुरू होतो. जाता जाता १०८ चा डॉक्टर एक सही घेतो. ती सही असते रुग्ण मिळाल्याची. माहिती मिळाल्याची सही घ्यायचा रकाना कुठेच नसतो.

मग गाडीतली ती नोंद पुढे जाते कुठे? मुख्यतः वर. भारतातले रुग्णवाहिकांचे करार बहुधा गाड्यांची संख्या, धावलेले किलोमीटर, दिवसाच्या फेऱ्या आणि शहरात वीसेक, खेड्यात तीसेक मिनिटांत पोचणं यांच्याभोवती फिरतात. जीपीएसमुळे या गोष्टी चांगल्या मोजता येतात, आणि बिलं त्यांवरच निघतात. रक्तदाब दोनदा घेतला की एकदा, यावरून बिलात काही फरक पडत नाही. ब्रिटनच्या आठ मिनिटांचा धडा इथे तंतोतंत लागू पडतो: ज्या आकड्यावर पैसा, तो आकडा चोख.

शिवाय १०८ म्हणजे सगळी रुग्णवाहतूक नव्हे. नीती आयोगासाठी एम्सने केलेली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली देशभरातल्या रुग्णालयांची पाहणी सांगते की ९१ टक्के रुग्णालयांकडे स्वतःच्या रुग्णवाहिका होत्या, पण प्रशिक्षित पॅरामेडिक ३४ टक्क्यांकडेच. मोठ्या रुग्णालयांच्या फाटकाबाहेर उभ्या असतात त्या खासगी गाड्यांत तर भाड्याच्या पावतीपलीकडे काही लिहिलं जात नाही. गाडी कशी असावी याचं मानक, एआयएस १२५, २०१८ पासून लागू आहे. आत काय लिहावं याचं तेवढंच बंधनकारक मानक अजून गाडीत चढलेलं नाही.

माहिती रुग्णाच्या पुढे धावली की काय होतं, याचं देशातलं सर्वांत पक्कं उदाहरण तामिळनाडूचं. तिथे मोठ्या हृदयविकाराच्या झटक्यासाठी लहान रुग्णालयं, १०८ च्या गाड्या आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेली केंद्रं एकमेकांना जोडली, आणि ईसीजी दूरवरून पाठवण्याची यंत्रं दिली. ईसीजी आधी पोचतो, तज्ज्ञ तो पाहतो, रुग्णाला कुठे न्यायचं ते ठरतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं. गोव्यातही गोवा मेडिकल कॉलेजला केंद्रस्थानी ठेवून अशीच व्यवस्था उभी राहिली आहे. यात लक्षात घेण्यासारखं हे की कोणीही शंभर रकान्यांचा फॉर्म भरायला लावला नाही. एक ईसीजी, एक वेळ, एक निर्णय, आणि पलीकडे वाट पाहत असलेला माणूस. त्या माणसामुळे नोंद जिवंत होते.

राष्ट्रीय पातळीवर सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर चालू आहे, आणि आरोग्य-ओळखीचा १४ अंकी आभा क्रमांक कोट्यवधी लोकांकडे आहे. कागदावर डेन्मार्कची दोरी आपल्याकडेही वळली जाते आहे. पण ही यंत्रणा संमतीवर चालते, आणि बेशुद्ध माणूस ओटीपी सांगू शकत नाही. महामार्गावरून उचललेल्याची नोंद ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०’ अशीच सुरू होते. नाव कळतं दुसऱ्या दिवशी, पोलिसांकडून. तोवर रुग्णवाहिकेची नोंद एका क्रमांकाखाली, केस पेपर दुसऱ्या, आणि पोलिसांसाठीची एमएलसी नोंद तिसऱ्याच. रस्ते अपघातांसाठी केंद्राने आयआयटी मद्रासच्या मदतीने आयरॅड ही एकत्रित नोंद आणली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस, परिवहन, बांधकाम आणि आरोग्य या चारही खात्यांनी एकाच अपघाताची आपापली बाजू भरायची, ही त्यामागची कल्पना उत्तम आहे. पोलिसांची बाजू भरली जाते, कारण त्यावर पुढे विमा आणि खटला उभा राहतो. आरोग्याची बाजू भरून आरोग्य खात्याला काय मिळतं, हा प्रश्न तिथेही उरतोच.

गुप्ततेचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो अवघड असला तरी गुंतागुंतीचा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती कोणाची आणि ती कशासाठी वापरायची याची चौकट दिली. रुग्णवाहिकेच्या बाबतीत खरी भीती वेगळीच आहे: ठेका बदलतो तेव्हा. सेवा कंत्राटदाराची, सॉफ्टवेअर त्याने आणलेलं, सर्व्हर त्याचा. पाच-दहा वर्षांनी नवा कंत्राटदार आला की गाड्या आणि माणसं हस्तांतरित होतात, पण लाखो रुग्णांच्या नोंदी कोणत्या स्वरूपात, कोणाच्या ताब्यात येतात? निविदेत याची स्पष्ट अट नसेल तर एक दिवस तो सगळा इतिहास कुणाच्या तरी बंद केलेल्या सर्व्हरवर राहून जाईल. अमेरिकेने कंपन्या मोकळ्या ठेवून रकाने मात्र राष्ट्रीय केले ते याचसाठी. तेवढं तरी उसनं घ्यावं. खरेदीबद्दल आणखी एक: बोललेलं ऐकून आपोआप नोंद लिहिणारी साधनं आता विकायला येऊ लागली आहेत. सायरन, हॉर्न आणि एकाच वेळी बोलणारे पाच नातेवाईक यांच्यात ती कशी टिकतात ते पाहून मगच पैसे मोजावेत.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर सगळ्यात स्वस्त दुरुस्तीला टॅब लागणारच नाही. १०८ च्या प्रत्येक फेरीला नियंत्रण कक्षाचा एक क्रमांक असतो. तो क्रमांक केस पेपरच्या खिडकीवर केस पेपरच्या कोपऱ्यात लिहिला गेला, आणि महिन्यातून एकदा सिव्हिलने त्या क्रमांकांपुढे फक्त तीन गोष्टी भरून परत पाठवल्या, निदान काय ठरलं, शस्त्रक्रिया किंवा आयसीयू लागलं का, आणि रुग्ण घरी गेला की दगावला, तर प्रत्येक तालुक्यातल्या गाडीवरच्या डॉक्टरला आपण त्या रात्री काय बरोबर ओळखलं आणि काय चुकलं ते कळू लागेल. खिडकीवरच्या क्लार्कला दर रुग्णामागे अर्धं मिनिट जास्त लागेल. ओपीडीच्या सकाळी ते अर्धं मिनिट काढणं सोपं नाही हे मान्य. म्हणून सुरुवात रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेतल्या केसेसपासून करावी, आणि फक्त अपघात, पक्षाघात, छातीत दुखणं आणि प्रसूतीच्या केसेसची. खासगी रुग्णालयं यात लगेच येणार नाहीत. शासनाच्या आरोग्य योजनेतली जी रुग्णालयं आहेत त्यांची बिलं तरी शासनच भागवतं, तेव्हा त्यांना विचारायला हरकत नसावी.